शांत, सुंदर आणि पार्किंगची सोय असलेलं

रायपूरला समुद्र नाही, पण मरीन ड्राइव्ह आहे. तेलीबांधा तलावाच्या काठाला आम्ही हे नाव दिलं आणि समुद्राचा प्रश्न आमच्यापुरता मिटवून टाकला. रविवारी संध्याकाळी तिथे अशी गर्दी उसळते की मुंबईकराला माहेरी आल्यासारखं वाटावं. आमच्या समता कॉलनीतली माणसं या गर्दीला फार कंटाळलेली आहेत. दर रविवारी तिथे जाऊन कंटाळतात.

तर यंदा तीन सुट्ट्या जोडून आल्या आणि घरात ठराव झाला, या वेळी पुरी नाही. पुरीला अर्धं रायपूर असतं, आणि उरलेलं अर्धं तिकीट वेटिंगवर ठेवून असतं. या वेळी एखादं छोटं, जुनं, समुद्रकाठचं, निवांत गाव शोधायचं. शोध सुरू झाला तेव्हा अटी समोर आल्या. सौभाग्यवतींना कौलारू घरं आणि इतिहास हवा, पण इतिहासाला चढ नको, गुडघे दुखतात. सासूबाईंना समुद्र दिसायला हवा, पण वारा लागता कामा नये. चिरंजीवांना नेटवर्क. भाऊजींना अशी जागा, जिथे अजून कोणी पोचलेलंच नाही, मात्र हॉटेलला किमान चार तारे आणि हजारभर लोकांचे चांगले अभिप्राय पाहिजेत. मी फक्त रात्री वरण-भात मागितला.

हजार लोकांनी वाखाणलेलं आणि एकही माणूस न गेलेलं गाव भारताच्या नकाशावर काही सापडेना.

कोकण अर्थातच निघालं. रायपूरच्या प्रत्येक मराठी घरात कोकणाचा एक जाणकार असतो आणि तो सहसा नागपूरच्या पलीकडे गेलेला नसतो. त्यानं वेळणेश्वर, गुहागर, वेंगुर्ला अशी नावं डोळे मिटून घेतली. मग कोणीतरी हिशेब मांडला. मुंबईच इथून अकराशे किलोमीटर, पुढे कोकण रेल्वे, पुढे एस.टी. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस आणि सुट्टी तीन दिवसांची. म्हणजे वेंगुर्ल्याला पोचण्याच्या आदल्या दिवशीच परत फिरावं लागणार. चिरंजीव म्हणाले, "गर्दीच नको असेल तर नव्या रायपूरला चला ना. सहापदरी रस्ता, आणि रस्त्यावर आपण." त्याला अभ्यासाला बसवण्यात आलं.

मी जरा चाचरतच रतनपूरचं नाव काढलं. म्हटलं, ऐतिहासिक गाव, जागोजागी तलाव, आणि आपल्या लोकांची जुनी राजधानी. 1741 साली नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत फौज घेऊन तिथे आले. पुढे बिंबाजी भोसल्यांनी 1758 ते 1787 अशी एकोणतीस वर्षं तिथे सलग मुक्काम केला, तोही आगाऊ बुकिंग न करता. टेकडीवर राममंदिर बांधलं आणि ती टेकडी रामटेकरी झाली. रामटेकची आठवण येत असणार बिचाऱ्यांना. दसऱ्याला सोनं वाटायची चाल छत्तीसगडात त्यांनीच रुजवली असं सांगतात. मग 1818 साली अॅग्न्यू नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं कारभार रायपूरला हलवला, आणि तेव्हापासून नवरात्र सोडलं तर रतनपूर कसं मोकळं मोकळं आहे.

सगळे ऐकून घेत होते. मग सौभाग्यवती म्हणाल्या, "रतनपूरला महामायेच्या दर्शनाला जातात. फिरायला कोणी जातं का?"

म्हणजे कोणी जात नाही अशी जागा हवी होती, आणि रतनपूर बाद झालं ते तिथे कोणी जात नाही म्हणून.

मी सिरपूरवर आलो. महानदीचा काठ, राणी वासटेनं पतीच्या स्मरणार्थ बांधलेलं विटांचं लक्ष्मण मंदिर, सातव्या शतकातलं. खुद्द ह्युएन त्सांग येऊन गेला आणि त्यानं या मुलखाचं वर्णनही लिहून ठेवलं, तरी तेराशे वर्षांत गर्दी झाली नाही. यापेक्षा खात्रीचं ठिकाण कोणतं दाखवू? पण ते पडलं ऐंशी किलोमीटरवर. सकाळी निघून संध्याकाळच्या चहाला घरी. सुट्टीचं गाव इतकं तरी लांब हवं, की शेजारी दूधवाल्याला नाही म्हणायला सांगावं लागेल. नाहीतर आपण गेलो होतो हे कॉलनीला कळणार कसं?

अखेर भाऊजींनी भिमिली शोधलं. कागदोपत्री भीमुनिपट्टणम, विशाखापट्टणमच्या उत्तरेला समुद्रकाठच्या रस्त्यानं तासाभरावर. डच व्यापाऱ्यांची जुनी वखार, त्यांची दफनभूमी, दीपगृह, गोस्थनी नदीचं मुख, 1861 सालची नगरपालिका. जायला समता एक्स्प्रेस. समता कॉलनीतून समता एक्स्प्रेसनं जायचं या योगायोगानं आम्ही इतके भारावलो, की स्लीपरमध्ये बसायचं की थर्ड एसीत की सेकंड एसीत यावरून घरात दोन दिवस भांडण चाललं.

पोचलो तो आडवार होता. भिमिली खरोखरच शांत होतं. डचांच्या थडग्यांवर गवत हलत होतं, किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या, लांबवर एक कोळी जाळं सोडवत बसलेला. बाकी नुसता समुद्र. असं गाव आपण आयुष्यभर मागत होतो, असं सगळे एकमेकांना अर्धा तास सांगत होते.

मग फोटोची वेळ आली. सहकुटुंब फोटोला एक परका माणूस लागतो, आणि परकी माणसं तर आम्ही टाळून आलो होतो. सेल्फीत सासूबाईंचं अर्धंच कपाळ येई. शेवटी त्या कोळ्याला विनवून बोलावलं. त्यानं मोठ्या प्रेमानं फोटो काढला. त्यात त्याची होडी फार छान आली आहे.

चारच्या सुमाराला चुळबुळ सुरू झाली. चहाची टपरी दिसेना, कणीस नाही, घोडा नाही, शंखशिंपल्यांवर कोणाचं नाव कोरून देणारा नाही. भाऊजींनी शंका काढली, "इथे कोणीच कसं नाही दिसून राहिलं? पाण्यात काही भानगड तर नाही?" सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला. "चिटपाखरू नाही, आणि मेली थडगी तेवढी! संध्याकाळच्या वेळी इथे थांबायचं नाही." चिरंजीवांचं नेटवर्क मात्र उत्तम चालू होतं, पण तो म्हणाला, दाखवायला काहीच नाही.

रात्रीची खोली सोडून देऊन आम्ही सात वाजता विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर होतो. माणसांचा समुद्र! खरा समुद्र त्यांच्या मागे कुठेतरी होता. 2002 पासून वाळूवर संग्रहालय होऊन बसलेल्या कुरसुरा पाणबुडीची तिकिटाची रांग पाहून भाऊजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सुट्टी दिसली. तिला एवढी रांग आहे म्हणजे आत काहीतरी असणारच, या श्रद्धेनं ते रांगेत उभे राहिले. सौभाग्यवतींनी मुरी मिक्स्चर घेतलं आणि भाव करताना इतक्या खुलल्या, की मला आमचं लग्न झालं ते वर्ष आठवलं. उरलेले दोन दिवस आम्ही तिथून हललो नाही.

परत आल्यावर कॉलनीत आम्ही फक्त भिमिलीबद्दलच बोलतो. भाऊजींनी पाच तारे दिलेत आणि खाली लिहिलंय, अजिबात गर्दी नाही, जरूर जा. समोरच्या चार घरांनी पुढच्या महिन्याची तिकिटं काढली. आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना थडग्यांबद्दल सांगितलेलं नाही.

मी गेल्या शनिवारी एकटाच रतनपूरला जाऊन आलो. बिलासपूरहून पंचवीस किलोमीटर, रस्ता चांगला. नवरात्र तेवढं टाळा, बाकी गाडी कुठेही लावा.