पाचामुखी लायसन्स

हिशेबाचं सॉफ्टवेअर ही आपल्या देशात साहित्यकृती आहे. थट्टा नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 साली दुरुस्ती झाली आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅम कथा-कवितांच्या पंक्तीला जाऊन बसला. साहित्य संमेलनवाल्यांनी अजून याची दखल घेतलेली नाही; त्यांचा वेळ मांडव आणि मानधनात जातो. पण खरा मान आहे तो याच साहित्याला. उसना कवितासंग्रह वाचणाऱ्याला कोणी हात लावत नाही. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून चालवणाऱ्या रसिकासाठी मात्र 1994 च्या दुरुस्तीने कलम 63-ब खास राखून ठेवलं: कमीत कमी 7 दिवस, जास्तीत जास्त 3 वर्षं कैद, वर 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. वाचकाला इतकं गांभीर्याने घेण्याचं भाग्य आमच्या एकाही ज्ञानपीठविजेत्याला लाभलेलं नाही.

आता पेठेतल्या कुठल्याही सीए साहेबांचं ऑफिस घ्या. टेबलं पाच, संगणक पाच, लायसन्स एक. तेही रीतसर घेतलेलं, पावती फाइलला लावलेली, जीएसटीसकट. हे फार महत्त्वाचं. फुकट्याला निदान लाज तरी वाटते. एकाचे पैसे मोजून पाच ठिकाणी वापरणाऱ्याला वाटतो तो अभिमान. चोर म्हणालात तर साहेब पावती काढून दाखवतील.

उरलेल्या चार मशिनवर ते कसं चालतं? साहेबांना माहीत नाही. आर्टिकलशिपच्या पोरांना माहीत नाही. ‘तो मुलगा येतो ना, त्याला विचारा.’ कायद्यात ‘जाणूनबुजून’ हा शब्द आहे, तेव्हा या ऑफिसात कोणीच काही जाणत नाही. जो जाणतो तो मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन येतो, आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, क्रॅक टाकतो, चहा पितो आणि जातो. अँटिव्हायरसही एकाच संगणकाचा घेतला होता, त्यामुळे बंद करायला फारसा वेळ लागत नाही.

साहेबांना कायदा माहीत नाही असं मात्र समजू नका. कलम 52 त्यांना तोंडपाठ आहे. त्यात विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप प्रत ठेवायला परवानगी आहे, नुकसानीपासून तात्पुरतं संरक्षण म्हणून. साहेबांच्या मते चार संगणकांवर आहेत ते चार बॅकअप. ते दिवसभर चालू असतात, कारण बॅकअप चालतो की नाही हे वेळच्या वेळी तपासायला नको? शिवाय 63-ब मध्ये पळवाट आहेच: कमाईसाठी किंवा धंद्याच्या कामात वापर झाला नसेल, तर विशेष कारण नोंदवून न्यायालय कैद टाळू शकतं. ‘आणि आमच्या रिटर्नमध्ये,’ साहेब विचारतात, ‘कमाई दिसली कधी तुम्हाला?’

याच रिटर्नमध्ये सॉफ्टवेअरवर दरवर्षी 40 टक्के घसारा लावलेला असतो. वस्तू कंपनीची, झिजते साहेबांच्या वहीत.

कंपन्यांची आरती ओवाळायचंही कारण नाही. त्यांच्या करारात स्वच्छ लिहिलेलं असतं, आम्ही हे विकलेलं नाही, वापरायला दिलंय. वाचतो कोण? सगळे ‘मान्य’ दाबून मोकळे. इकडे 2004 साली टीसीएस आणि आंध्र प्रदेश सरकारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सीडीवरचं तयार सॉफ्टवेअर हा चक्क माल आहे, विक्रीकर भरा. मार्च 2021 मध्ये त्याच न्यायालयाने परदेशी कंपन्यांच्या बाबतीत ठरवलं की ग्राहकाने दिलेले पैसे ही रॉयल्टी नव्हे. त्याने घेतली ती नुसती एक प्रत. म्हणजे कॉपीराइटवाल्यांना साहित्य, विक्रीकरवाल्यांना माल, कंपनीच्या लेखी परवानगी. संगणकासोबत आलेलं विंडोजचं ओईएम लायसन्स तर त्याच संगणकाला बांधलेलं. तो भंगारात गेला की पैसे मोजलेलं लायसन्सही भंगारात. दोन संगणकांवर एकदम चालवणं हा गुन्हा, हे पटतं. एकामागून एक चालवायलाही बंदी, हे मला तरी पटलेलं नाही.

शहाणपणा दाखवला होता तो बोरलँडने. 1980 च्या दशकात टर्बो पास्कल विकणाऱ्या या अमेरिकी कंपनीचा करार म्हणायचा की हे पुस्तकासारखं वापरा. कितीही जणांनी वापरा, या संगणकावरून त्यावर न्या, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी नको. आपला दिवाळी अंक असाच तर आळीभर फिरतो. पुढे याच बोरलँडच्या टर्बो सीवर आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी पिढ्या काढल्या. तिथे एकच पुस्तक एकदम किती जण वाचत होते, ते विचारू नका.

आता कंपन्यांनी संगणक मोजणंच सोडलंय. लायसन्स लॉगिनला बांधायचं, वर्षाचं भाडं घ्यायचं, वर ओटीपी. साहेबांनी अर्थात लॉगिन एकच घेतलं, आणि पाचही पोरं साहेब बनून काम करू लागली. एक साहेब आत शिरला की दुसरा बाहेर फेकला जातो. ‘मला कोणी काढलं रे?’ आणि ‘सर, ओटीपी!’ याखेरीज ऑफिसात आवाज नाही. जुलैअखेर, रिटर्नची मुदत तोंडावर असताना, साहेब नातवाच्या बारशाला कणकवलीला निघाले आणि फोंडा घाटात रेंज गेली. पाचही संगणक ठप्प. बाहेरच्या बाकावर पक्षकार फॉर्म 16 घेऊन ताटकळलेले. शेवटी तिसऱ्या टेबलावरच्या पोराने आयकर खात्याच्या पोर्टलवरची युटिलिटी उतरवून घेतली. ती फुकट मिळते, कितीही संगणकांवर चालते. संध्याकाळपर्यंत सगळी रिटर्न गेली.

साहेबांनी परतल्यावर त्याला केबिनमध्ये बोलावून समज दिली. म्हणाले, ‘बाळ, फुकटचं वापरायची सवय बरी नाही.’