रेंडरला लावलंय

लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्या माणसाला सीझनमध्ये एक वाक्य पुरतं: "रेंडरला लावलंय." फोनवर मुलाचे मामा असोत की मुलीचे वडील, एवढं ऐकलं की पलीकडचा चढलेला आवाज खाली येतो. "बरं बरं, लागू द्या," म्हणतात. रेंडर म्हणजे नेमकं काय, हे कोणी विचारत नाही. पेशंटला आत घेतलंय म्हटल्यावर नातेवाइकांनी बाकावर बसायचं असतं, तसं ते बसतात. आणि सांगायला हरकत नाही, आम्ही हे वाक्य टाकतो तेव्हा ते बहुतेक वेळा खरंही असतं.

कॅसेटच्या काळात ही सोय नव्हती. दोन व्हीसीआर, मधे मिक्सर, आणि तीन तासांचं लग्न तीन तासांतच एका कॅसेटवरून दुसरीवर उतरायचं. तेवढा वेळ मिक्सिंगवाला बटणांवर बोटं ठेवून बसलेला. ई-१८० कॅसेट १८० मिनिटांची असायची. लग्नाची फिल्म तीन तासांची हवी, हा दंडक तिनेच घालून दिला असा माझा जुना संशय आहे. कॅसेट गेली, डीव्हीडी येऊन गेली, तीन तास काही हलले नाहीत. वयस्कर मंडळी तर अजूनही "आमची कॅसेट झाली का, दादा?" असंच विचारतात.

आता टाइमलाइनवर सगळं लग्न लागलेलं दिसतं, पण तो अजून व्हिडिओ नसतो. ती नुसती सूचनांची यादी असते. ही क्लिप इथून घ्या, तिथे तोडा, हळदीचा पिवळा जरा उतरवा, वरमाला स्लो मोशनमध्ये. रेंडर म्हणजे या सूचना पाळत एकेक फ्रेम खरोखरीची तयार करणं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर तीन तासांच्या २,७०,००० होतात, आणि फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० ठिपके. हे सगळं न दाबता जसंच्या तसं ठेवायचं तर तासाला साधारण ५६० जीबी लागतील. पार्टी आपल्या हातात देते १६ जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यावर कुठल्यातरी पतसंस्थेचं नाव छापलेलं.

म्हणून एक्स्पोर्ट करताना कोडेक लागतो. आमच्याकडे बहुतेक जण अजून एच.२६४ वरच आहेत, २००३ सालचा. नवे आले, पण पार्टीचा टीव्ही त्यातले कोणते ओळखेल याचा भरवसा नसतो. हा कोडेक पक्का कंजूष आहे. मधूनमधून एखादी फ्रेम तो पूर्ण ठेवतो, आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं, काय सरकलं तेवढंच लिहितो. जे हललं नाही त्यासाठी छदाम खर्च करत नाही.

या नजरेने लग्न पाहायला मला आवडतं. खुर्च्यांवर बसलेली पाहुणेमंडळी त्याला जवळजवळ फुकट पडतात. भटजी स्वस्त, कारण ओठ आणि उजवा हात सोडला तर बाकीचे भटजी मागच्याच फ्रेममधले चालतात. खुर्च्यांच्या रांगांतून पळणारं ते एक कार्टं मात्र महाग, कारण त्याच्या मागे जाणारा कॅमेराही हलतो आणि मग अख्खा मंडप नव्याने लिहावा लागतो. सगळ्यांत स्वस्त अंतरपाट. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं पांढरं कापड, आणि ते स्थिर. कोणी हौशी मावशी माइक धरून वरच्या पट्टीत पाचवं मंगलाष्टक लांबवत असली तरी आवाजाचा हिशेब वेगळा. चित्राच्या खात्यावर तेवढा वेळ नुसती शिल्लक.

मग "सावधान" होतं, अंतरपाट बाजूला होतो आणि अख्खा मंडप अक्षता उधळतो. प्रत्येक दाणा आपल्या वाटेने, मागच्या फ्रेममध्ये होता तिथे एकही नाही. त्यात तीन फोटोग्राफरांचे फ्लॅश एकदम. फ्लॅश उडाला की सगळ्या फ्रेमचा उजेड बदलतो, म्हणजे मागचं काहीच कामाला येत नाही. कोडेकच्या खिशात सेकंदाला ठरावीक बिटच असतात. ते संपले की तो चित्रातले बारकावे सोडायला लागतो. मुंडावळ्यांचे मोती एकमेकांत मिसळतात, नवरीच्या गालावर चौकोन उमटतात. ज्या क्षणासाठी हॉल घेतला, आहेर केले, क्रेनचा कॅमेरा लावला, तोच चौकोनी.

यावर उपाय आहे, वेळखाऊ आहे. कोडेकला दोन फेऱ्या मारायला लावायच्या. पहिल्या फेरीत त्याने सगळं लग्न नुसतं पाहून घ्यायचं आणि खर्च कुठे येणार ते टिपून ठेवायचं. दुसऱ्या फेरीत अंतरपाटावर वाचवलेले बिट अक्षतांवर उधळायचे. वेळ जवळपास दुप्पट लागतो आणि ग्राहकाला फरक कळेलच असं नाही. पण गालावर चौकोन असलेली नवरी मी बाहेर जाऊ देत नाही, एवढं एक पथ्य.

रेंडर चालू असताना करायचं काय, हा प्रश्न आमच्या धंद्यात कोणाला सुटलेला नाही. मशीनला दुसरं काम लावलं तर ते मंदावतं. उठून जावं तर वीज जायची भीती, आणि यूपीएसची बॅटरी आपल्या मनाने चालते. म्हणून माणूस पट्टीकडे पाहत बसतो. अशी टक्क्यांची पट्टी दाखवली तर लोकांना वाट पाहणं सोपं जातं, याचा प्रयोग ब्रॅड मायर्स या संशोधकाने १९८५ सालीच मांडला होता. एवढंच की पट्टी मागच्या वेगावरून पुढचा अंदाज बांधते. वरातीचा रात्रीचा भाग आला, नॉइज घालवायचा इफेक्ट लागला, की "४० मिनिटं बाकी" बघता बघता दीड तासावर जातं. चहावाला पोरगा कप उचलायला येतो, तोही पट्टीवर नजर टाकून "अजून वरातच?" म्हणतो.

नव्याण्णव टक्क्यांवर ती अडते तेव्हा मात्र तिला शिव्या घालू नयेत. फ्रेम सगळ्या झालेल्या असतात. कोणती फ्रेम कुठे आहे याची यादी तेव्हा फाइलमध्ये लिहिली जात असते. एमपी४ मध्ये सहसा ही यादी सगळ्यांत शेवटी होते, आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली तर बारा-तेरा जीबीची फाइल डिस्कवर दिसते, उघडत नाही. सगळं लग्न आत, दार नाही.

हे सगळं पार पडलं की पेन ड्राइव्ह म्हणतो, फाइल फार मोठी आहे. अख्खा रिकामा असून म्हणतो. बहुतेक पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले, आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. नव्या पद्धतीने फॉरमॅट करावा तर पार्टीच्या बैठकीच्या खोलीतला टीव्ही तो ओळखत नाही. म्हणून लग्नाचे भाग पाडायचे. ते मुहूर्त पाहून नाही, जीबी पाहून पडतात. अंतरपाट भाग एकमध्ये आणि अक्षता भाग दोनमध्ये, असं होऊ नये म्हणून मला हळदीतला नाच कापावा लागतो. नाचणाऱ्यांनी आजवर तक्रार केलेली नाही. त्यांचे स्वतःचे व्हिडिओ स्टेटसला आधीच जाऊन आलेले असतात.

तक्रार आली ती परवा, एका आत्यांबद्दल. "भाऊ, सगळं झकास झालंय, पण आमच्या मोठ्या आत्या कुठेच नाहीत." शोधल्या. फुटेजमध्ये होत्या, पहिल्या रांगेत, मुहूर्ताच्या आधीपासून पंगत उठेपर्यंत त्याच खुर्चीवर, हातात तीच पर्स. कोडेकला त्यांचा काही खर्च नव्हता आणि माझ्या कात्रीतूनही त्या निसटल्या होत्या. भाग दोनमध्ये, जेवणाच्या आधी, त्यांचे चार सेकंद घातले. हिशेबाने जेमतेम ५ एमबी. पण भाग दोन आधीच ४ जीबीच्या काठाला टेकलेला. आत्या बसल्या आणि फाइल ओलांडून गेली. आता विहिणीची पंगत भाग तीनमध्ये सरकवलीय, म्हणजे भाग तीनही नव्याने काढायचा, दोन्हींच्या दोन-दोन फेऱ्या. त्यांच्या घरी फोन करून सांगितलं, उद्या संध्याकाळी या. पलीकडून आत्याच बोलल्या, "मी नेसलेय ती पैठणी नीट दिसतेय ना? नाहीतर रिसेप्शनमधलं घ्या."