प्रामाणिक एमसीबीची बदली

घराच्या कामाचे आपल्याकडे दोन भाग असतात: पाहुण्यांना दिसणारा आणि भिंतीत जाणारा. पहिल्यात इटालियन मार्बल आणि पीओपीचं सीलिंग येतं. तिथे मालक 'होऊ दे खर्च' म्हणतात. दुसऱ्यात वायर येते आणि मालकांना एकदम काटकसरीचे संस्कार आठवतात.

वायरमन सांगतो, "साहेब, गीझर आणि एसीला चारची टाकू, प्लगला अडीचची, लाइट-पंख्याला दीडची." साहेबांना या चौरस मिलिमीटरमध्ये फक्त कमिशन दिसतं. "आमच्या जुन्या घरात एकची वायर होती, इतक्या वर्षांत काही झालं नाही!" खरं आहे. त्या घरात दोन ट्यूब, एक पंखा आणि रेडिओ होता. आता 3 किलोवॉटचा गीझर आलाय, तो 230 व्होल्टवर एकटाच 13 अँपिअर ओढतो. वर एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह. वायर तेवढी खानदानी हवी.

विजेला खानदान कळत नाही. प्रवाह दुप्पट झाला की तारेत उष्णता चौपट होते. त्यात एकाच पाइपात सकाळच्या विरार लोकलसारख्या तारा कोंबल्या की ती उष्णता बाहेर कुठून पडणार? साध्या पीव्हीसी आवरणाची सोसण्याची मर्यादा 70 अंश सेल्सिअस. दुकानदाराशी घासाघीस करणाऱ्या साहेबांना मात्र अशी काही मर्यादा नसते.

मग मे महिन्यात एमसीबी पडायला लागतो. एमसीबी हा घरातला एकमेव प्रामाणिक नोकर. 16 अँपिअरच्या वर भार रेंगाळला की तो काम थांबवतो. प्रामाणिक नोकराचं आपल्याकडे जे होतं तेच त्याचंही होतं: बदली. त्याच्या जागी 32चा येतो, तो समजूतदार असतो. मुळात एमसीबी बसवतात तो वायर वाचवायला. अडीचच्या वायरीवर 32चा बसवला की वायर भाजून निघते आणि खटका शांतपणे बघत बसतो. पूर्वी फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळून हेच साधलं जायचं. फ्यूज गेला, वृत्ती वारसाहक्काने आली.

हट्टाने चारचीच वायर घेणाऱ्यांचीही सोय आहे. बारीक तारांचा तो जुडगा सॉकेटच्या भोकात मावत नाही. वायरमन पक्कडीने बऱ्याच तारा छाटतो, उरलेल्या पिळून आत सारतो, स्क्रू आवळतो. बिल चारच्या वायरीचं, पण शेवटच्या सेंटिमीटरला ती अडीचची. तापायचं ते नेमकं तिथेच तापतं. आधी बोर्ड पिवळा पडतो, मग वास येतो, मग घरचे उदबत्ती लावतात.

पुढचं आपण पेपरात वाचतोच: 'आगीचं कारण शॉर्टसर्किट असल्याचा प्राथमिक अंदाज.' अंतिम अंदाज छापून आलेला फारसा कोणी पाहिलेला नाही. कोटेशनमध्ये चारचा अडीच कोणी केला, हे पंचनाम्यात येत नाही.

यंदा काम काढलं असेल तर वायरीवर आयएस 694 हे मानक आणि साइज छापलेली आहे का, ते स्वतः वाचा. गीझर आणि एसीला स्वतंत्र लाइन मागा. जोडणीच्या वेळी समोर उभे राहा. भोकात वायर मावत नसेल तर सॉकेट बदला, तारा छाटू देऊ नका. आणि 16चा एमसीबी वारंवार पडत असेल तर 32चा आणण्याआधी त्या लाइनवर काय काय जोडलंय, ते मोजा.