माझा सा

निवृत्तीनंतर गाणं शिकायचं ठरवलं. पहिल्या क्लासात पेटी कायम काळी पाचला. क्लासात मुली आणि बायकाच जास्त, त्यांना ती पट्टी सोयीची. पुरुष मी एकटा. वरचा सा लावला की किंचाळी, खालचा लावला की घोरणं. सर म्हणायचे, "काका, रियाज वाढवा." मी वाढवला. घरच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या क्लासातल्या बाईंनी पेटीला हातच लावला नाही. आधी विचारलं, "अंघोळीला गेल्यावर काय गुणगुणता?"

"लावणी," मी चोरट्यासारखा म्हणालो.

"मग म्हणा की!"

मी म्हणत राहिलो आणि बाई जुडग्यातल्या किल्ल्या लावून बघाव्यात तशा पेटीची एकेक पट्टी दाबत राहिल्या. पांढरी एकला कुलूप उघडलं. "हा तुमचा सा." साठी उलटल्यावर मला माझा सा मिळाला. पुढचा धडाही लावणीतूनच निघाला. "शब्द किती मोकळा फेकता! आता शब्द काढा, नुसता आकार तसाच सोडा." भूप राग माझ्या घरात असा मागच्या दारानं आला. माझ्यानंतर सिनेमाची गाणी गाणारा एक कॉलेजकुमार यायचा. त्याला बाई आधी माइक बाजूला ठेवायला लावायच्या आणि पेटीचा स्केल चेंजर सरकवायच्या.

गळा आधी, गायकी मागाहून, हे आपल्याकडे नवं नाही. अल्लादियाखाँचा आवाज तरुणपणीच बिघडला. उरलेल्या आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली, तेच जयपूर घराणं. भास्करबुवा बखल्यांनी १९१६च्या 'संगीत स्वयंवर'साठी ख्यालातल्या चिजा बालगंधर्वांच्या गळ्याला बेतून दिल्या. क्षयातून उठलेले कुमार गंधर्व छोट्या छोट्या श्वासांत गाऊ लागले. गंमत म्हणजे, दोन्ही फुप्फुसं ठणठणीत असलेली मंडळीही मग तशीच धापा टाकत गाऊ लागली. उसना गळा तो हा असा.

माझं गाणं अजून मैफलीजोगं झालेलं नाही, होणारही नाही. पण टीव्ही पूर्वीच्या आवाजावर आलाय. तुम्हीही क्लास शोधत असाल, तर फी भरण्याआधी एवढंच बघा: गुरुजी स्वतःचा सा देतात, की आधी तुमचा विचारतात?