कोमातला अंगठा

मढच्या बंगल्यांत मालिकांमधली श्रीमंत घराणी राहतात, असा तुमचा समज असेल तर तो तसाच राहू द्या. तो टिकवण्याचाच मला पगार मिळतो. मी सहायक दिग्दर्शक. खातं कंटिन्युइटीचं, म्हणजे मागच्या शॉटमध्ये सुनेचा पदर कुठल्या खांद्यावर होता, कपात चहा किती उरला होता, हे वहीत टिपायचं.

शिफ्ट नऊ ते नऊ आणि घर मुलुंडला. लोकलने घाटकोपर, मेट्रोने वर्सोवा, रिक्षाने जेट्टी आणि मग बोट. खाडी ओलांडायला पाच मिनिटं लागतात. दिवसभरातली माझी विश्रांती तेवढीच, आणि तीही रिकाम्या पाट्या घेऊन मढला परतणाऱ्या मावशींना जागा करून देण्यात जाते.

त्याच बोटीत एकदा मोबाईलवर वाचलं, की 2017 च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा सलग पाच तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. खाली नासाचा दाखला होता. लांब पल्ल्याच्या वैमानिकांना त्यांनी उड्डाण चालू असतानाच आळीपाळीने झोपायला 40 मिनिटं दिली. ते सरासरी 26 मिनिटं झोपले आणि नंतर चांगले तरतरीत राहिले. विमान चालवणारा झोपतो, मग पदर सांभाळणाऱ्यानं काय पाप केलंय?

जेवणाच्या सुट्टीत मी जागा हेरली. गॅरेजमध्ये आयसीयू उभारलेला. बाहेर कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील वाळत होते, नायिकेला वास सोसेना, म्हणून दारं बंद आणि एसी चालू. मालिकेतले बाबा कोमात होते, कारण बाबांचं काम करणारे गृहस्थ दुसऱ्या मालिकेत गेले होते. त्यांच्या बँडेजची टोपी उशीवरच पडली होती. दिवे डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून ती नाकापर्यंत ओढली, डाव्या कुशीवर वळलो आणि रीतसर वामकुक्षी सुरू केली. 26 मिनिटांचा गजर लावला होता. मोबाईल मेकअप रूममध्ये चार्जिंगला होता, हे मात्र विसरलो.

जाग आली ती कुणीतरी हात धरून हंबरडा फोडल्यावर. "बाबा, एकदा तरी डोळे उघडा!"

उघडले. बँडेजमुळे पांढराशुभ्र उजेड दिसला. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदूला जागं व्हायला जरा वेळ लागतो म्हणतात. माझ्या मेंदूने तेवढ्यात, आपण गेलो, असा निष्कर्ष काढला. म्हणून गप्प पडून राहिलो. बाबांच्या जागी झोपायचा ज्युनिअर आर्टिस्ट तिकडे जनरेटर व्हॅनच्या सावलीत खराखुरा झोपला होता.

"कट! ओके!" टाळ्या पडल्या. मग मॉनिटरपाशी शांतता.

"बाबांच्या मोज्यातून अंगठा बाहेर कसा?" सर कडाडले. "काल नव्हता! कंटिन्युइटी कोण बघतंय?"

सवयीने मी पलंगावरून हात वर केला.

नायिकेचे अश्रू त्या दिवसापुरते संपले होते, भाग दुसऱ्या दिवशी जायचा होता. अंगठा राहिला. त्याच्याबरोबर मीही, पुढचे तीन दिवस, रोज चार तास, मऊ गादीवर, एसीत. मी घोरतो हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं, त्यामुळे स्पॉटदादांना पलंगाखाली बसवलं होतं. डोळा लागला की ते टाचेला चिमटा काढायचे.

वहीतली नोंद माझ्याच अक्षरात आहे : बाबा, डावा मोजा, अंगठा बाहेर. धुवू नये.