पावणेअकराची धडधड

आमच्या घरात प्रत्येकाच्या दुखण्याला ठरलेला मान आहे. नवऱ्याचं अंग कोमट लागलं तर तो ताप. चिरंजीवांना दोन शिंका आल्या तर व्हायरल. आणि मला काहीही झालं तर ते पित्त. डोकं दुखलं, पित्त. हातापायांना मुंग्या आल्या, पित्त. त्यामुळे रात्री पावणेअकराला अंथरुणाला पाठ टेकली की छातीत धडधडतं, मध्येच एक ठोका गायब होतो आणि पुढचा दाणकन आदळतो, हे मी सांगितलं तेव्हा नवऱ्याने मोबाइलवरची नजर न काढता निदान केलं, "पित्त असेल. जेवतेस किती उशिरा!" मी उशिरा का जेवते, हा प्रश्न त्याच्या स्पेशालिटीत येत नव्हता.

सासूबाईंना पित्त मान्य नव्हतं. त्यांनी मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओवाळून तापल्या तव्यावर टाकल्या. "बघ, जराही ठसका नाही आला. केवढी दृष्ट लागली होती!" डोक्यावर किचनची चिमणी फुल स्पीडवर चालू होती, हे सांगून त्यांचा विरस करावासा मला वाटला नाही.

तिसरं मत लोकलच्या लेडीज डब्यातून आलं. डोंबिवली सोडताना मी विषय काढला आणि ठाणं यायच्या आत माझी सगळी फाइल तयार झाली. मटार सोलणाऱ्या काकू म्हणाल्या, "थायरॉइड बघून घे." दाराजवळची म्हणाली, "चाळिशी उलटली ना? पाळी जायच्या आधी असं होतं, माझ्या जावेला झालं होतं." चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली म्हणाली, "रक्त कमी असणार. डोळ्याखाली बघ, किती पांढरं आहे." आणि एकीने एवढंच विचारलं, "मुलगा दहावीला ना?" मी हो म्हटलं. "मग चालायचंच."

पुढे डॉक्टरांनी कागदावर कारणांची यादी केली, तेव्हा थायरॉइड, रक्ताची कमतरता, पाळी थांबण्याआधीचे बदल, जागरण, ताण, चहा-कॉफी असा क्रम होता. चहा सोडला तर लेडीज डब्याने सगळं आधीच सांगून ठेवलं होतं, तेही तपासणी फी न घेता.

डॉक्टरांनी आधी नेमके प्रश्न विचारले. चक्कर येऊन पडलात का? छातीत दुखतं का? श्वास घ्यायला त्रास होतो? धडधड श्रम करताना सुरू होते का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का? मी सगळ्यांना नाही म्हटलं. "यातलं एकही हो असतं तर मी गप्पा मारत बसले नसते, लगेच पुढे पाठवलं असतं," त्या म्हणाल्या आणि ईसीजी काढायला घेतला. या ईसीजीचं यंत्र घडवणाऱ्या आइन्थोव्हेन यांना १९२४ चं नोबेल मिळालं. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रात पेशंटला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. माझे हात तसेही दिवसभर पाण्यातच असतात, फक्त त्यात मिठाऐवजी भांड्यांचा साबण असतो.

ईसीजीत हृदयाचे जेमतेम दहाएक सेकंद पकडले जातात. एरवी घर डोक्यावर घेणारं पोर पाहुण्यांसमोर मांडी घालून बसतं, तसं माझं हृदय त्या दहा सेकंदांत वागलं. रिपोर्ट एकदम नॉर्मल. मग डॉक्टर म्हणाल्या, "होल्टर लावू. चोवीस तास."

हे होल्टर म्हणजे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले एक शास्त्रज्ञ. माणूस हिंडता-फिरता असताना त्याच्या हृदयाची नोंद घ्यायची कल्पना त्यांचीच. त्यांचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यावं लागे आणि त्याचं वजन होतं ३५-४० किलो. आता ते कमरेला लावायच्या डबीएवढं झालं आहे. खरं तर एवढं छोटं करायची गरज नव्हती. लॅपटॉप, डबा, छत्री आणि दोन किलो कांदे घेऊन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढणाऱ्या बाईने ते ३५ किलोही चढवून दाखवले असते.

छातीवर चिकटपट्ट्या, त्यांतून निघालेल्या वायरी, कमरेला डबी आणि सूचना: आंघोळ करायची नाही. सासूबाईंनी विचारलं, "मग देवपूजा कोण करणार?" दुसऱ्या दिवशी गाडीत कुर्त्याच्या गळ्यातून एक वायर डोकावली आणि आजवर जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. समोरची बाई उठली आणि मला खिडकीची जागा दिली. हृदयविकाराचे फायदे पुस्तकांत लिहीत नाहीत.

सोबत एक कार्ड होतं. त्यावर तीन रकाने: वेळ, काय करत होता, काय त्रास झाला. मी इमानदारीने भरलं.

५.१०. कणीक मळली. त्रास नाही.

५.४०. चिरंजीव म्हणाले, आज प्रोजेक्ट द्यायचा आहे, चार्टपेपर कुठे आहे? त्रास: हो.

६.२०. नवऱ्याने देवघरातून विचारलं, वाती कुठे असतात? त्रास: नाही, सवय आहे.

७.०५. कामाच्या मावशींचा फोन, ताई, आज जमणार नाही. त्रास: हो, जोरात.

३.१५. शाळेच्या ग्रुपवर मेसेज, 'काही पालकांनी कृपया लक्ष द्यावे'. त्रास: हो, कानापर्यंत.

१०.४५. दही विरजून आडवी झाले. घरात शांतता. त्रास: सुरू.

पुढे जागा संपली, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं.

रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी कार्ड दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या हसत होत्या. मावशींच्या आणि शाळेच्या वेळी हृदय फक्त वेगाने धावत होतं, कुणाचंही धावलं असतं. चुकणारे ठोके निराळे होते. हृदयाचा एखादा ठोका वेळेआधीच पडतो, तो दुबळा असतो, जाणवतही नाही. त्यानंतर जरा जास्त थांबा होतो, तेवढ्यात हृदयात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला वाटतं हृदय बंद पडून पुन्हा चालू झालं. असे थोडेफार ठोके धडधाकट माणसांतही सापडतात.

"पण मग रात्रीच का?"

"दिवसाही पडत होते की. इथे दिसतायत बघा, सकाळी नऊला, दुपारी एकला. तुम्हाला लक्ष द्यायला सवड नव्हती."

म्हणजे माझं हृदय दिवसभर मला काहीतरी सांगत होतं आणि मी त्याला 'थांब हं, कुकर उतरवते' म्हणत होते. शेवटी बिचाऱ्याने माझी रिकामी वेळ हेरली.

थायरॉइड ठीक निघालं. हिमोग्लोबिन मात्र ९.१. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की अॅनिमिया धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया अॅनिमियाच्या निघाल्या. म्हणजे लेडीज डब्यात बहुमत आमचंच. रक्त कमी असलं की शरीराला ऑक्सिजन पुरवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. थोडक्यात, घरातली सगळी कामं एकटीने ओढणारं आणखी कुणीतरी माझ्या छातीतच होतं.

लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर, चहापासून लांब. जेवणावर लगेच चहा बंद, कारण तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. दिवसाला दोनच कप, संध्याकाळनंतर नाही. आणि सात तास झोप. हे मी वर्षानुवर्षं तोंडी मागत होते. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, खाली सही आणि शिक्क्यासह आल्यावर ते फ्रिजवर मॅग्नेटने लागलं आणि घरात त्याची अंमलबजावणी सुरू झाली. होल्टरचं कार्डही नवऱ्याने वाचलं. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सकाळचा डबा मी करतो."

तेव्हापासून पहाटे मी अंथरुणात पडून असते आणि भिंतीपलीकडे कुकर चढतो. मी शिट्ट्या मोजते. भाताला किती पाहिजेत, हे मला ठाऊक आहे. त्याला ठाऊक आहे का, हे मला ठाऊक नाही. खाली पाणी घातलं असेल ना? फोडणीचा वास आला, पण हिंगाचा नाही. आता डबे उघडल्याचे आवाज. तिसरा, चौथा. हिंग पाचव्यात आहे.

पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं होतं. रात्रीची धडधड जवळपास गेलीच आहे, असं मी सांगितलं.

"छान. एरवी कधी होते?"

"पहाटे पावणेसहाला. कुकरच्या शिट्ट्या मोजताना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्यावर औषध नाही हो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे आज पोळ्या ह्यांनी लाटल्या आहेत. मीसुद्धा सकाळपासून नाडी धरूनच बसले आहे."