कॅप्टन, करारनाम्याची एक प्रत पाठवा

प्रति,
कॅप्टन बार्थोलोम्यू रॉबर्ट्स ऊर्फ ब्लॅक बार्ट,
मु. पो. अटलांटिकचा तळ, केप लोपेझनजीक

स. न. वि. वि.

१७२२च्या फेब्रुवारीत इंग्रजी आरमाराच्या तोफेने आपला घास घेतला आणि आपल्याच इच्छेप्रमाणे आपल्या माणसांनी आपल्याला किरमिजी पोशाखासकट समुद्रात सोडलं. त्यानंतर आपला नवा पत्ता कोणी नोंदवलेला नाही, म्हणून हे पत्र खुलंच ठेवतो आहे. मध्ये कोणी वाचलं तरी हरकत नाही. वाचक मिळाला तर आमच्या धंद्यात त्याला लाभच म्हणतात.

धंदा म्हणजे मी मराठीत अद्भुतकथा लिहितो. शापित बेटं, बोलकी गलबतं, समुद्राखालच्या राजवटी. आणि चाचे. कथा कुठल्याही राज्यात सुरू होवो, तिसऱ्या प्रकरणात एखादी काळ्या निशाणाची गुराब क्षितिजावर आल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. "अजून तुझं ते चाच्यांचंच चाललंय का?" असं लग्नाकार्यात विचारणारे नातेवाईक आहेत. मी "हो" म्हणतो आणि जिलबी वाढून घेतो.

पण कामाचं बोलू. आपल्या जहाजावरचे नियम कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने १७२४ साली लंडनला निघालेल्या ग्रंथात छापले आहेत. ते वाचल्यापासून माझ्या स्वतःच्या करारनाम्यावरचं माझं लक्ष उडालं आहे. आपल्याकडे महत्त्वाच्या प्रश्नावर प्रत्येकाला एक मत. ताजं अन्न आणि कडक दारू यांवर सगळ्यांचा सारखा हक्क. लुटीत कप्तानाला आणि क्वार्टरमास्टरला दोन वाटे, तांडेल-गोलंदाजांना दीड, बाकीच्या अधिकाऱ्यांना सव्वा, साध्या खलाशाला एक. म्हणजे सर्वांत वरचा माणूस सर्वांत खालच्याच्या फक्त दुप्पट घेतो! कॅप्टन, मी पुस्तकाच्या किमतीतला माझा वाटा आणि विक्रेत्याला मिळणारं कमिशन शेजारीशेजारी मांडून पाहिलं आहे. आपण पाहू नये. आपल्याला तलवार काढावीशी वाटेल.

चाकरीत कोणी अवयव गमावला तर सामायिक तिजोरीतून आठशे डॉलर, लहान इजांना त्या मानाने. माझी मान, माझा मणका आणि माझे डोळे या धंद्यात कुठे पोचले आहेत ते मी डॉक्टरांना दाखवतो, त्यांची फी स्वतः भरतो आणि घरी येऊन पुन्हा त्याच खुर्चीत बसतो. आपल्या वादकांना रविवारी सुट्टी होती. दिवाळी अंकाच्या लेखकाला ऐन पावसाळ्यात कोणता रविवार असतो, हे कोणा संपादकाला विचारून पाहा. रात्री आठला दिवे बंद, पुढे प्यायचं तर उघड्या डेकवर, असाही आपला नियम. माझं काम आठला सुरू होतं, कारण दिवसा मी पगार मिळेल असं दुसरं काहीतरी करतो.

एकदा एका प्रकाशकाकडे मी नकाशा घेऊन गेलो. अद्भुत कादंबरीला नकाशा लागतो. तो नसेल तर वाचक बेट खरं मानत नाही. दोन पानांवर पसरलेलं बेट मी बारीक निबने काढलं होतं. उत्तरेला खडक, दक्षिणेला दलदल आणि बरोब्बर मध्ये नायकाचं गलबत शिरतं ते बंदर. पुस्तक छापून आलं तेव्हा बंदर शिलाईत गेलं होतं. पानं कितीही ताणली तरी एक डोलकाठी आणि अर्धा धक्का, इतकंच दिसतं. "गलबत शिरतं कुठून?" म्हणून वाचक अजून विचारतात.

नकाशांचं हे दुखणं जुनं आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८१च्या पावसाळी उन्हाळ्यात, स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी, सावत्र मुलाबरोबर खेळता खेळता एका बेटाचा नकाशा रंगवला. त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' निघालं. रोज एक प्रकरण या वेगाने पंधरा झाली आणि गाडी अडली. बाकीचं पुढे दावोसला पुरं झालं. हस्तलिखित प्रकाशकाकडे पोचलं, नकाशा वाटेत गहाळ. मग बिचाऱ्याने स्वतःच्याच मजकुरातून मोजमापं हुडकून वडिलांच्या कचेरीत नकाशा नव्याने केला, आणि वडिलांनी त्यावर कॅप्टन फ्लिंटची सही ठोकून दिली. पुस्तकाचे शंभर पौंड ठरले तेव्हा त्याला आनंद मावेना. कॅप्टन, आपल्या नियमात दर माणशी हजार पौंड जमेपर्यंत टोळी मोडायची भाषासुद्धा करायची नव्हती.

याच मुद्द्यावर माझी खरी मागणी आहे. आज जगातलं शेंबडं पोरसुद्धा ज्याला चाचा म्हणून ओळखतं, त्यात आपलं किती आणि आमचं किती? खांद्यावरचा पोपट आणि फुलीचा नकाशा घरोघरी पोचवला स्टीव्हन्सनने. हाताच्या जागी आकडा लावला जे. एम. बॅरीने, १९०४च्या नाटकात. पुरलेल्या खजिन्याच्या दंतकथेला कॅप्टन किडने १६९९ साली अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ थोडा माल पुरला त्याचा आधार आहे. पण आपली बहुतेक मंडळी लूट पुरत नव्हती, उडवत होती. आणि तो 'आSSर्र'? तो १९५०च्या चित्रपटात रॉबर्ट न्यूटन नावाच्या इंग्रज नटाने लावलेला हेल. आपण वेल्सचे, आपल्या तोंडी तो आला असता तर आपल्याच खलाशांनी वळून पाहिलं असतं. तरी दर १९ सप्टेंबरला जगभर माणसं चाच्यांसारखं बोलण्याचा दिवस साजरा करतात आणि न्यूटनसारखं बोलतात. हे सगळं आम्ही शाई खर्चून दिलं. त्याचा वाटा कुठे आहे?

आपण म्हणाल, लेखकांनीही कमी हात मारलेला नाही. कबूल. स्टीव्हन्सनने पोपट डिफोच्या रॉबिन्सन क्रूसोकडून उचलला, सांगाडा एडगर ॲलन पोकडून, पहिल्या प्रकरणांतलं बरंच वॉशिंग्टन आयर्विंगकडून, आणि नंतर हे सगळं त्याने स्वतःच लिहून ठेवलं. लुटीचा असा चोख हिशेब आपल्याकडेही ठेवत असतील, तर उत्तमच. माझ्या कादंबरीची पीडीएफ फिरवणारे हिशेब ठेवत नाहीत, वाटा देत नाहीत आणि पोपटही बाळगत नाहीत. त्यांना आपल्या बिरादरीत घेऊ नये, अशी नम्र सूचना.

आणखी एक नाव आपल्या यादीत घुसवण्याचा इंग्रजांनी फार प्रयत्न केला. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल होते. किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडून ते दस्तक मागत, म्हणजे राज्य करत. मुंबईच्या कंपनीने त्याला चाचेगिरी म्हटलं. आपण अटलांटिकमध्ये होतात त्याच १७२१ साली मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला पाठवलेला कमोडोर मॅथ्यूज पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागच्या कुलाब्यावर चालून आला आणि हात हलवत परत गेला. तेव्हा सरखेलांना माझ्या कथेत मानाचं स्थान आहे, आपल्या टोळीत नाही.

एक गोष्ट मात्र चेष्टेत घेता येत नाही. १७२२च्या जानेवारीत व्हिडा बंदरात खंडणी नाकारली म्हणून आपल्या माणसांनी एक गुलामवाहू जहाज पेटवलं. आत साखळ्यांनी जखडलेली सुमारे ऐंशी माणसं होती. ही हकीगतही त्याच जॉन्सनच्या ग्रंथात आहे, आपल्या त्या सुंदर नियमांच्या शेजारी. प्रत्येकाला एक मत होतं, फक्त त्या ऐंशींना नव्हतं. माझा लोभ कागदी चाच्यांवर आहे, कॅप्टन. ते पडले तर पुढच्या भागात उठवता येतात, आणि त्यांनी जाळलेलं जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी खोडून टाकता येतं. आपल्यावर लोभ नाही. आपल्याकडून मला हवाय तो निव्वळ करारनामा.

तरी त्याची एक प्रत कृपया पाठवावी. पुढच्या कादंबरीच्या बोलणीला जाताना मी ती फाइलीत वरच ठेवीन. वाट्यांचं कलम, मतदानाचं कलम आणि इजेचं कलम एवढं मान्य झालं तरी दारूचं मी सोडून द्यायला तयार आहे.

कळावे,
आपला,
एक अद्भुतकथाकार

ता. क. आपल्याही आधीच्या कॅरिबियन लुटारूंचा दरफलक एक्सक्वेमेलिनच्या १६७८च्या पुस्तकात सापडला. त्यात उजव्या हाताला सहाशे नाणी आणि डाव्या हाताला पाचशे असा भाव आहे. मी डावखुरा आहे. मसुदा करताना दर उलटे लिहावेत.